बनकेवड्याची बांधी

बोडीकाठच्या, म्हणजे तळ्याकाठच्या, भाताच्या बांधीतून वास यायला लागला, तेव्हा बाबा अनवाणी पळाले. खरंच पळाले! गुडघे दुखतात म्हणून जे गृहस्थ पाण्याचा तांब्यासुद्धा मला आणायला लावतात, ते धुऱ्यावरून, म्हणजे अरुंद बांधावरून, असे धावले की त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आई आणि आईच्या मागे आमचा कुत्रा. बांधीत उतरून त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, नाकाशी नेली आणि तिथंच चिखलात मटकन बसले.

"चारू, पाह्य बरं," ते म्हणाले. "माह्या नाकाले भास तं नाई होऊन रायला?"

मी वाकले. भास नव्हता.

"भास कायचा," आई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला होता, म्हणजे ती रडत होती. "वापस आला तो."

तो म्हणजे बनकेवडा. आमच्या खैरबोडीचा तांदूळ. एका घरी शिजला की शेजारचा माणूस ताट घेऊनच दारात उभा राहायचा, असं म्हणतात. म्हणतात, कारण मला तो वास आठवतच नाही. मी बालवाडीत होते तेव्हा तो विरत गेला आणि पाटीवर नाव लिहायला शिकले तोवर संपला होता. भात तोच, बियाणं तेच, वास मात्र नाही. ताईला आठवतो. ताई, म्हणजे प्रणोती कापगते, बाबांची पनू, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लहानपणी मी तिला झोपताना विचारायचे, "कसा होता गं?" आणि ती म्हणायची, "सांगता येत नाही, खावा लागतो." मला इतका राग यायचा! चांगला वाटा सगळा तिनं खाल्ला आणि माझ्या वाट्याला नुसतं पातेलं.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मला ते फार छान सांगता येतं. तालुक्याच्या विज्ञान-सादरीकरणात यंदा माझा पहिला नंबर आला. त्याआधी मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायचे, हे आता कोणाला खरं वाटत नाही.

तर, भाताच्या रोपात वासाचा एक रेणू तयार होऊ शकतो. पण बहुतेक भातांत एक जनुक असतं, ते त्या रेणूचा कच्चा माल आधीच संपवून टाकतं. आईनं पोळ्या लाटायच्या आधी कोणीतरी कणीकच पळवावी, तसं. सुवासिक भातांत हा चोर लंगडा असतो. फार फार पूर्वी त्या जनुकातली काही अक्षरं आपोआप गळाली, चोराला पळवता येईना, कणीक उरली आणि वास आला. बनकेवडा असाच. पण दाणा भरायच्या दिवसांत त्याला गार रात्री लागतात, आणि आमच्याकडच्या रात्री गार व्हायच्या थांबल्या. आता दिवाळीतसुद्धा पंखा लागतो. उकाड्यात तो रेणू बनतच नाही पुरेसा. भाताचा दोष नाही, बाबांचाही नाही. रात्रीचा दोष.

हे सगळं ताईनंच शोधून सांगितलं होतं. तिथंच तर सगळं बिघडलं.

ती नागपूरला धान्य-तपासणी केंद्रात लागली. तीन वर्षांपूर्वी तिच्या यंत्रासमोर खैरबोडीचा भात आला. पोत्यांवर 'सुगंधी' असा शिक्का असायचा, तो पुढे द्यायचा का, एवढाच प्रश्न. यंत्र म्हणालं, वास नाही. ताईनं खाली सही केली. शिक्का गेला. ती सुट्टीला घरी आली तेव्हा आमच्या ओसरीवर अर्धं गाव बसलेलं.

"ज्या भातावर वाढली, त्यालेच बिनवासाचा म्हनते?" बाबा म्हणाले. "मले तं येते वास. रोज येते."

"बाबा, नाकाला आठवण असते. यंत्राला नसते."

"मंग यंत्राच्याच घरी राय."

ताई राहिली. दर रविवारी आईला आणि मला फोन करते. फोन वाजला की बाबा उठून पाण्याची मोटर सुरू करायला जातात. मोटर बहुतेक वेळा आधीच सुरू असते.

आणि आता हा वास! चिखलातून उठताना बाबांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, "परवा कापू हे बांधी. मंडईले बोलव तिले."

"कोणाला?" मी मुद्दामच विचारलं.

"कोनाले म्हंजे? राष्ट्रपतीले! तुह्या ताईले. म्हनावं, तुह्या यंत्राले घरी ठेव, नाक घेऊन ये. नव्या भाताचं पयलं ताट तिचं."

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे, जिलबी, रात्रभर दंडारीचं नाटक, आणि लग्न होऊन, नोकरी लागून दूर गेलेल्या सगळ्या पोरी घरी. गेल्या तीन मंडईंना आमच्या घरात आई दोन वेण्या घालायला बसायची आणि एकच घालून उठायची. मी त्या दिवशी धुऱ्यावर नाचले. आई म्हणाली, "अव माय, बांधीत पडशीन!" आणि मी पडलेसुद्धा.

मी ताईला संदेश पाठवला. तिचं उत्तर आलं: 'बाबा म्हणाले? त्यांच्या तोंडून?' मग थोड्या वेळानं: 'येते.' मग लगेच: 'आईला सांग, वरण लाखोळीचं कर.'

आता पेटी. ताईच्या केंद्रानं शाळांना चाचणीच्या पेट्या वाटल्या होत्या आणि लांजेवार मॅडमनी दिवाळीच्या सुट्टीचा प्रकल्प म्हणून एक मला दिली. काम साधं, घरचं धान्य तपासायचं. पूर्वी भातात एखाद्या जीवाणूचं वगैरे परकं जनुक घालायचे, ते शोधणं सोपं होतं. घरात पाहुणा शिरलाय का, एवढंच बघायचं. आता पाहुणा येतच नाही. भाताच्या स्वतःच्याच जनुकात एक बारीक काप देतात, कात्री विरघळून जाते, मागे उरतो फक्त व्रण. प्रयोग करणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपला काप नेमका कुठे आहे हे सरकारला आधी कळवावं लागतं, आणि पेटीतल्या कागदी पट्टीला ते सगळे व्रण पाठ असतात. दाणा कुटायचा, थेंबात कालवायचा, ती नळी गरम पाण्याच्या थर्मासात ठेवायची. तेवढ्या उबेत त्या व्रणाच्या कोट्यवधी नकला तयार होतात. मग पट्टी बुडवायची. एक रेघ म्हणजे चाचणी नीट झाली. दोन रेघा म्हणजे काप दिलेला, अजून परवाना नसलेला भात.

माझी मैत्रीण रिद्धिमा बिसेन आली होती. मी बोडीकाठच्या बांधीतले दाणे घेतले ते तपासायला कमी आणि मिरवायला जास्त.

"या, या, नाक पुढे करा," मी म्हणाले. "अस्सल बनकेवडा. वास फुकट, कौतुक मात्र मोजून घेतलं जाईल."

पट्टीवर दोन रेघा आल्या.

"थर्मास धुतला होतास का?" रिद्धिमा म्हणाली. "चहाच्याच रेघा असतील."

धुतला. पुन्हा केलं. दोन. बाजूच्या बांधीतला दाणा घेतला. एक. पुन्हा बोडीकाठचा. दोन. मी सगळ्या पट्ट्या ओट्यावर ओळीनं मांडल्या.

मी आईकडे गेले. ती पोह्यांना कांदा चिरत होती. मी विचारलं, "आई, बोडीकाठच्या बांधीत पऱ्हे कुठले लावले होते गं?"

आमचे पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, यंदा पाण्याच्या खंडात अर्धे वाळले होते. ती एक बांधी कोरी राहिली होती, हे मला माहीत होतं. नंतर ती हिरवी झाली, एवढंच मी पाहिलं होतं.

"कंपनीच्या शेतातले," आई सहज म्हणाली. "रोवनीले नाई का गेलो होतो आमी बाया? रोवून झालं, बाकी पेंड्या उरल्या. मुकादम म्हने, खड्ड्यात टाका अन् वरून माती लोटा." तिनं कांदा खाली ठेवला. "जित्तं रोप गाडू? माह्या हातानं? पऱ्हे कोनी फेकते का! बाकीच्यांच्या बांध्या भरल्या होत्या, माहीच कोरी होती. आनल्या डोक्यावर."

आणि हे आमच्याकडे कोणीही केलं असतं. उरलेला पऱ्हा फेकायचा नाही, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, त्याचा पैसा घ्यायचा नाही. खैरबोडीतलं अर्धं शेत दुसऱ्याच्या पेंड्यांवर उभं असतं. कंपनीच्या प्रयोग-शेतावर कुंपण होतं, कॅमेरे होते, पाटी होती. आईच्या डोक्यावरच्या पेंडीकडे कोणी पाहिलंच नाही, कारण रोवणीहून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर पेंडी असतेच.

रिद्धिमा मला अंगणात घेऊन आली.

"सांगणार आहेस?"

"मंडई झाल्यावर."

"परवा कापणार ना? मग मिलमध्ये सगळ्या गावाचा भात एकत्र. तिथून निम्मा शाळांच्या खिचडीला, निम्मा जहाजानं परदेशात. एकदा मिसळला की वेगळा काढता येतो का?"

"नाही."

"मग?"

"मग काय! मंडईला ताई येतेय, कळतंय का तुला? बाबांनी बोलावलंय. या वासासाठी बोलावलंय! वासच खोटा निघाला तर—"

"खोटा कुठे आहे? मला येतोय की."

ती घरी गेली. मी संध्याकाळपर्यंत गोठ्याच्या कठड्यावर बसून राहिले. ताईची खोली मला तिथून दिसते. त्या दिवशी आईनं तिची गादी उन्हात टाकली होती आणि खिडकी पुसली होती. मला ताई हवी होती. फोनमधली नको, खरी. माझी वेणी ओढणारी, माझ्या ताटातली भाजी पळवणारी, रात्री पाय माझ्या अंगावर टाकणारी. एक आठवडा गप्प बसलं की मिळणार होती. आणि मग कधीतरी तिच्याच केंद्रात, तिच्याच यंत्रात, कोणत्यातरी पोत्यातला दाणा जाणार. पोत्यावर खैरबोडी. तेव्हा ती पुन्हा खाली सही करणार आणि बाबा पुन्हा तेच वाक्य म्हणणार. या खेपेला तिच्या पोटात त्याच भाताचं ताट असणार.

मी पेटी घेऊन बाबांकडे गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकदम उभे राहिले. "दोघीबी सारख्याच! एकीनं वास नाई म्हनून घर सोडलं, दुसरी वास हाय म्हनून रडून रायली. तुमाले पायजे तरी काय?"

"ताई पाहिजे," मी म्हणाले. "पण अशी फसवून नको. तुम्ही स्वतः करा चाचणी. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

त्यांनी केली. दाणे स्वतः निवडून आणले, खलबत्त्यात स्वतः कुटले. एवढ्याशा नळीत थेंब सोडताना त्यांची जाड बोटं ओली होऊन घसरत होती, तरी मला हात लावू दिला नाही. थर्मासजवळ ते कोंबडीनं अंड्यांवर बसावं तसे बसले. मग दोन्ही बांध्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या: एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन.

"हे यंत्र," ते शेवटी म्हणाले, "तिच्या यंत्रासारखंच असते का?"

"तिचं मोठं असतं, वास मोजणारं. पण हो, तेही खोटं बोलत नाही."

"मंग तवाबी खरंच सांगत होती ते."

बाबांनी पेटीच्या झाकणावरचा क्रमांक वाचला आणि फोन लावला. ताईला नाही, केंद्राला. "माह्या बांधीत बिनपरवान्याचा भात उगवला हाय," त्यांनी सांगितलं. "या अन् घेऊन जा." फोन ठेवल्यावर ते मोटर सुरू करायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, तोंडावर काचेचा मुखवटा, बुटांवर पिशव्या. सगळी सारखी दिसत होती. पण त्यातलं एक माणूस धुऱ्यावर चढताना, लहानपणी ताई मला धरायला द्यायची तसा, डावा हात पाठीमागे धरून चाललं आणि मी तिला ओळखलं.

त्यांचे साहेब बाबांना म्हणाले, "ते मोठं यंत्र चालवणारं दुसरं कोणी मोकळं नव्हतं, म्हणून तुमच्याच मुलीला आणलं. सही माझी असेल. त्या तुमच्या घरात येणार नाहीत, काही घेणार नाहीत. राग मानू नका." आईला म्हणाले, "तुमच्यावर काही नाही, बाई. जाब कंपनीला विचारू."

आईनं मान हलवली. ती साहेबांकडे पाहतच नव्हती.

बांधीची हद्द दाखवायला मला पुढे पाठवलं. मी पुढे, ती मागे.

"उंची वाढली तुझी," मुखवट्यातून आवाज आला.

"तो काढ ना, ताई. एकदाच!"

"नाही काढता येत. इथली धूळ केसांत बसते, श्वासात बसते. उद्या प्रयोगशाळेत दुसऱ्या कोणाच्या चांगल्या भातात दोन रेघा उमटतील आणि त्या माणसाचं वर्ष जाईल."

बांधी आली. वारा आमच्याच अंगावर होता. मला तर वासानं गरगरायला झालं. ताई थांबली. तिनं यंत्र खाली ठेवलं आणि नुसती उभी राहिली.

"चारू, कसा आहे गं?"

"बाबा ना? रात्री जेवले नाहीत."

"वास गं. यात कोळशाची गाळणी आहे. मला फक्त रबराचा वास येतोय."

मी, जिचा तालुक्यात पहिला नंबर, मला शब्दच सापडेनात. "केवड्यासारखा नाही मुळी," मी म्हणाले. "नाव उगाच आहे. आधी कोवळं कणीस सोलल्यासारखा येतो. मग... मग दुधाच्या पातेल्याची खरवड काढताना येतो तसा. आणि शेवटी आणखी काहीतरी आहे, ते मला ओळखता येत नाही. गोड आहे. थोडं उग्र."

"मोह," ताई म्हणाली. "अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलं. सकाळी, ऊन चढायच्या आधी."

मी डोळे मिटून श्वास घेतला. "हो! तोच, तोच!"

मुखवट्याची काच आतून धुकटली होती. ती हसत होती की काय, दिसलं नाही.

"हा आपलाच आहे का, ताई? की कंपनीचा?"

"आपलाच. त्यांनी बियाणं इथलंच घेतलं होतं. फक्त गरम रात्र सोसायला शिकवलंय त्याला."

"मग वाईट काय आहे यात?"

"माहीत नाही. तेच तर. माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायला अजून काही वर्षं लागतील. कदाचित काहीच वाईट नसेल. एक दिवस परवाना घेऊन, उघड्या दारानं येईल हा परत. तोवर कोणाच्या ताटात नाही." ती खाली बसून यंत्राची बटणं दाबायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "अजून एकदा सांग. कणसापासून."

मी पुन्हा सांगितलं. कणसापासून मोहापर्यंत.

बाकीच्या सगळ्या बांध्या स्वच्छ निघाल्या, शेजारच्यांच्याही. गावाचा भात वाचला. बोडीकाठची बांधी मात्र बुडापासून कापून पिशव्यांत बंद करायची होती. माणसं पुढे झाली तेव्हा आईनं पदर खोचला. "मीच रोवला, मीच कापीन," ती म्हणाली. साहेबांनी तिलाही एक पांढरा पोशाख दिला. तो तिला इतका मोठा होता की एरवी मी हसून लोळले असते.

तिनं पहिली मूठ कापली आणि वास असा उठला की वस्तीवरची माणसं बाहेर आली. बघता बघता धुऱ्यावर सगळं गाव उभं राहिलं. म्हाताऱ्या होत्या, कडेवरची पोरं होती. रिद्धिमा होती. सगळे नुसते श्वास घेत राहिले. आतमध्ये विळा चालत होता, आणि आत-बाहेर मिळून चार माणसांनाच तो वास येत नव्हता. त्यातली दोन आमच्या घरची होती.

सगळं गाडीत चढलं. पोशाख काढून पिशवीत बांधले, हातपाय औषधानं धुतले. ताई गाडीत जाऊन बसली. आता तिचा चेहरा दिसत होता. बारीक झालीय. नाकावर मुखवट्याचा वळ उठला होता. ती खिडकीतून बोडीकडे बघत होती. पण वारा पडला होता आणि बांधी रिकामी होती.

बाबा खिडकीपाशी गेले. मी आणि आई मागे उभ्या राहिलो.

"जेवली का?" बाबांनी विचारलं.

"इथं काही खाता येत नाही, बाबा. नियम आहे."

"हाव. नियम तं पाळाच लागते." त्यांनी गाडीच्या दारावरचा चिखल अंगठ्यानं खरवडला. सगळा निघेपर्यंत खरवडला. साहेब पुढे बसले. चालकानं गाडी सुरू केली.

"सोमवारी मंडई हाय," बाबा म्हणाले.

"माहीत आहे."

"आपल्या भाताले वास नाई, पनू."

ताईनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. "माहीत आहे, बाबा."

"तरी ये," बाबा म्हणाले.